चिंचेने घासलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या वडिलांनी बेचाळीस साली जे काही केलं ते कागदावर केलं. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी जे केलं ते उल्हास नदीत उडी मारून केलं. लोकांच्या लक्षात काय राहणार, हे सांगायला नको.

तिच्या वडिलांची गोष्ट कल्याणात पोराटोरांना पाठ होती. शहाडजवळ नदीकाठी त्यांनी एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर हिसकावलं, ते हातात धरूनच पाण्यात उडी घेतली आणि पलीकडे लागले. दर वर्षी गोष्टीतली नदी थोडी रुंद व्हायची. पंधरा ऑगस्टला शाळेत बाई तिला उभं करायच्या आणि ही गोष्ट सांगायला लावायच्या. ती हळू आवाजात, वर न बघता सांगायची, आणि त्यामुळे ती आणखीच खरी वाटायची. मला कोणी उभं केलं नाही. केलं असतं तरी मी काय सांगणार होते? वडील बसले, त्यांनी लिहिलं, शाई लावली, कागद दोरीवर वाळत घातले.

आमच्या घरी चोरून पत्रकं निघत. मागच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. पत्रकाचं नाव 'हाक'. स्टेन्सिलवर मोठी अक्षरं नीट उठत नसत, म्हणून वडिलांनी सागवानी लाकडात नावाचा ठसा कोरला होता आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर तो हाताने उमटवत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या ठशावर. म्हणजे आधी उलटी शिकले आणि शाळेत गेल्यावर सुलटी. पुढे एक दिवस ठसा घरातून नाहीसा झाला. झडतीत पोलिसांनी नेला, असं वडिलांनी मला सांगितलं. मी त्या ठशासाठी रडलेली मला आठवते. त्यानंतरच्या पत्रकांवर ते नाव हाताने लिहीत. स्वातंत्र्यानंतर लवकरच ते छातीच्या दुखण्याने गेले. मागे राहिलं पत्रकांचं एक बासन आणि मी. मी त्या पत्रकांवर वाढले. त्यांतली वाक्यं बोलत वाढले, आणि भांडताना अजूनही तीच वापरते.

काही वर्षांनी तिचे वडीलही गेले, तेव्हा आमच्या वाचनालयाने ठरवलं की गावातल्या लढ्याची आठवण म्हणून एक दालन करायचं. दालन म्हणजे वाचनकक्षाच्या शेजारची खोली आणि तिच्यात काचेचं एक कपाट. दर्शनी खणात एकच वस्तू ठेवायची, बाकीचं खाली. कार्यकारिणीपुढे दोन वस्तू आल्या: तिच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि माझ्या वडिलांची पत्रकं. रिव्हॉल्व्हर निवडायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. एकाने फक्त एवढं सुचवलं की वस्तू अस्सल आहे याची खात्री करून घ्यावी, तिच्यावरच्या खुणांचं वर्णन लिहून कपाटात लावावं, आणि शंका निघाली तर त्या खणात पत्रकं ठेवावीत. वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात लिहिणारी मुलगी म्हणून मीच होते.

मी चिटणिसांना म्हटलं, "माणसं बंदुकीने जागी झाली की पत्रकाने?"

ते म्हणाले, "ते खरं गं. पण पत्रक बघायला कोण येणार?"

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला ते रिव्हॉल्व्हर नकली निघायला हवं होतं.

तपासणी एका रविवारी सकाळी वाचनकक्षात झाली. तिच्या वडिलांनी ते हत्यार स्वातंत्र्यानंतर आपण होऊन पोलिसांत जमा केलेलं. त्याच्या घोड्याचं टोक घासून ते निकामी करून ठेवलं होतं. एक हवालदार ते फडक्यात बांधून घेऊन आला आणि समोर बसून चहा पीत राहिला. पारखायला कळव्याचे एक जमीनदार आले होते. त्यांच्या घराची पूर्वी मिठागरं, आता त्या जमिनीवर चाळी. परवान्याच्या बंदुकांचा त्यांना भारी शौक, विलायतेहून बंदुकांची सचित्र पुस्तकं मागवायचे. सगळा ठाणे-कल्याण पट्टा त्यांना दादूस म्हणायचा. पांढरं धोतर, वर काळा कोट आणि मखमलीच्या डबीतलं भिंग. आल्या आल्या त्यांनी आपल्याकडे किती हत्यारं आहेत ते ऐकवलं, मग कलेक्टरसाहेब आपल्याला कसे विचारतात ते ऐकवलं, आणि मग खुर्ची ओढली.

माझी मैत्रीण टेबलाच्या त्या बाजूला बसली होती. इस्त्रीची साडी, वेणीत अबोली. मी माझ्या वडिलांच्या पत्रकांचं बासन मांडीवर घेऊन बसले होते, कारण ते मला कुठे खाली ठेववत नव्हतं.

दादूसांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला, नळीवर घासला आणि बोटाने पुसला. खोदलेल्या जागी पांढरं भरून राहिलं आणि खुणा उमटल्या.

"ये बग. मुकुट. त्याच्या खाली अक्षरं. बर्मिंगहॅमला जास्तीची दारू भरून उडवून बगतात. नळी फुटली नाय, तर ह्यो मुकुट मारतात. नळीवर असतो आन् ह्या गोळ्यांच्या चक्रात दर घरावर असतो. आन् ह्यो बाण दिसला? बाण म्हंजे सरकारी माल."

"आणि नकली असेल तर?" मी विचारलं.

माझा प्रश्न त्यांना आवडला. "वायव्य सरहद्दीवरचे पठान घरात भट्टी लावून हुबेहूब करतात. मुकुटबी मारतात. पन त्यांना इंग्रजी कुटं येते? एकादं अक्षर उलटं मारतातच. उलटं अक्षर दिसलं का समजायचं, नक्कल."

मग मी भिंग मागून घेतलं. नळीवरचं एकेक अक्षर मी असं तपासलं, जणू प्रुफं वाचतेय. सगळी सुलटी होती. मुकुटही नीटनेटका.

"आता नंबर," दादूस म्हणाले. "नळी, चक्र आन् सांगाडा, तिन्हींवर एकच नंबर पायजे. वेगळा निगाला तर दोन हत्यारं मोडून एक केलंय."

नळीवरचा आकडा स्पष्ट होता, शेवटी तीन. चक्रावरचा तोच. सांगाड्यावरचा मात्र झिजलेला. शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. दादूसांनी खडू लावला, पुसला, परत लावला. रिव्हॉल्व्हर खिडकीपाशी नेलं.

"ह्यो घासलाय कोणी?"

मैत्रीण म्हणाली, "खंडेनवमीला काढायचो. शस्त्राची पूजा म्हणून."

"पूजा कर ना. घासायचं कशाला?"

"आई आणि आत्या घासायच्या. चिंच आणि राख लावून. देवाच्या भांड्यांबरोबर."

दादूसांनी भिंग खाली ठेवलं. "अगो, ते काय ताम्हन हाय?"

हवालदाराला चहाचा ठसका लागला. "साहेब, त्या घरचं ताम्हन बघायला पाहिजे मग," तो म्हणाला. "नंबर काय, नावबी राहिलं नसेल."

मैत्रीण लाजली नाही. "एरवी तांदळाच्या डब्यात असायचं," ती म्हणाली. "गंज धरायचा. मग घासणारच की."

मी सगळं लिहून घेत होते. चिंच लिहिली, राख लिहिली. माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर येत होतं. आठ निघाला तर सांगाडा एका हत्याराचा आणि नळी दुसऱ्याचीच, म्हणजे कुठल्यातरी बाजारात जोडलेलं भंगार. आणि त्या खणात माझ्या वडिलांची पत्रकं.

"मुठीच्या खाली बगू," दादूस म्हणाले. "कारखाना तितंबी नंबर मारतो. तितं काय तुमची चिंच पोचली नसेल."

मूठ लाकडाची होती, गडद, तळहाताने गुळगुळीत झालेली. कारखान्याची मूठ काळ्या टणक रबराची असते, पण काही साहेबलोक हौसेने लाकडाची करून घेत, असं ते सुरुवातीलाच बोलले होते. त्यांनी स्क्रू काढला. मुठीच्या दोन पट्ट्या टेबलावर पडल्या. आतलं पोलाद काळंनिळं, जणू कालच कारखान्यातून आलेलं, आणि त्यावर नंबर. शेवटचा आकडा तीन.

"जुळला," दादूस म्हणाले.

मैत्रिणीने श्वास सोडला. मी पेन खाली ठेवलं. तिला दुसरं काही करावं लागत नाही, हे मला तिच्याबद्दल नेहमी वाटत आलंय. ती बसून राहते आणि गोष्टी आपोआप तिच्या बाजूने जुळत जातात.

तेवढ्यात दादूसांनी लाकडाची एक पट्टी उचलून उलटी केली. आतल्या बाजूला उठावाचं काहीतरी कोरलेलं होतं. कडा तासून सपाट केलेल्या, पण मधला भाग मुठीच्या पोकळीत बसत असल्याने तसाच राहिलेला. त्यांनी भिंग लावलं. दुसरी पट्टी पाहिली. चेहरा पालटला.

"फारशी," ते म्हणाले.

हवालदार वाकला. "उर्दू दिसतंय साहेब."

"तेच ते. उलटी अक्षरं. बोललो नव्हतो? पोलाद कारखान्याचं, पन हत्यार सरहद्दीवरनं फिरून आलंय. तिकडच्या कोणीतरी मूठ बसवली." त्यांनी मैत्रिणीकडे पाहिलं आणि आवाज जरा मऊ केला. "पोरी, गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला असल्या मुठीचं सरकारी हत्यार नसतं गो. तुझ्या बापाने कुटून घेतलं असेल तितून घेतलं असेल. त्यात काय वाईट नाय. पन मी अस्सल म्हणून सही नाय देनार." मग मला म्हणाले, "लिव. मूठ परकी. शंकास्पद."

मैत्रिणीने दादूसांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. रडकी नव्हे, वाट बघत असल्यासारखी.

मी पेन उचललं. 'मूठ परकी' लिहिलं. 'शंका' इथपर्यंत आले. शब्द पुरा करण्याआधी मी एकदा त्या पट्टीकडे पाहिलं, खात्रीसाठी, आणि ती फारशी मला वाचता आली. काना आधी, मग ह. दुसऱ्या पट्टीवर क, पोट भलत्या बाजूला. क-च्या शेपटीला टवका उडालेला.

पत्रकांच्या घरात वाढलेल्या मुलीला एक गोष्ट कळते: कागदावर गेलेलं खोटं परत घेता येत नाही. पण त्या घटकेला मला तत्त्व आठवलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच वाटलं की हा माझा ठसा आहे आणि हे लोक त्याला सरहद्दीवरचा म्हणतायत.

"ही फारशी नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मराठी आहे."

"मना मराठी वाचता येते पोरी."

"उलटी येते का?"

वाचनालयाच्या शिक्क्याची शाईची उशी टेबलावरच होती. मी एक पट्टी तिच्यावर दाबली आणि वर्णनाच्या कागदाच्या कडेला उमटवली. मग दुसरी. उमटलं: हाक. थोडं वाकडं, दोन अक्षरांत फट पडलेली, पण तेच. मी बासन सोडलं, सगळ्यांत वरचं पत्रक काढून शेजारी ठेवलं. दोन्हींकडे क-च्या शेपटीला तोच टवका. दादूस भिंग लावून बराच वेळ दोन्ही बघत राहिले. मुकुट बघतानाही त्यांनी इतका वेळ घेतला नव्हता.

"ह्यो कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा. पोलिसांनी नेलेला." माझा आवाज मला आवडला नाही.

"नेला नव्हता," मैत्रीण म्हणाली. "नदीत दगडावर आपटून काळी मूठ फुटली होती. बाबा ओले तुमच्याकडे आले. मुरलेलं लाकूड घरात तेवढंच होतं, म्हणून काकांनी ठसा कापला. बाबा नको नको म्हणत होते. काका म्हणाले, नाव मी हाताने लिहीन, पण तुमचा हात घसरता कामा नये." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांचं एक वाक्य, एक पूर्ण वाक्य, इतकी वर्षं तिच्या घरी होतं, तांदळाच्या डब्यातल्या त्या हत्याराबरोबर जपलेलं, आणि मला ते तिच्याकडून, एका हवालदारासमोर ऐकावं लागत होतं. ती गोष्ट ती शाळेत उभी राहून सांगायची तेव्हा एवढाच भाग गाळायची. आधी, इंग्रज असताना तो भाग लपवायची सवय लागलेली म्हणून. नंतर, मला ठाऊकच असेल म्हणून. तिचा राग येण्याजोगं तिने काही केलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

मी विचारलं, "आणि मघाशी गप्प का बसलीस? हे सही देत नव्हते तेव्हा?"

"तू लिहीत होतीस ना," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं अक्षर मी कशाला ओळखून दाखवू?"

घरी जाऊन आईला विचारलं. आई तांदूळ निवडत होती. "हो, कापला," ती म्हणाली. "भुसा मीच चुलीत टाकला."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"तू शाळेत बडबडली असतीस."

"ती नाही बडबडली?"

"तिच्या घरात ती वस्तू होती. तिला गप्प राहायचीच सवय." आईने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "तुला आम्ही बोलायला शिकवलं ना गं."

दुसऱ्या रविवारी दादूस सहीसाठी पुन्हा आले. या वेळी त्यांनी आपल्या संग्रहातली काळ्या रबराची एक जोडी आणली होती. ती बसवली तर हत्यार नखशिखान्त कारखान्याचं होईल आणि आपण डोळे झाकून अस्सल लिहू, असं त्यांचं म्हणणं. मी लगेच म्हटलं, बसवा. लाकडाच्या पट्ट्या मला द्या. मी त्या पत्रकांशेजारी ठेवेन, अक्षरं वर करून. मला हे न्याय्य वाटत होतं. तिच्या बापाचं पोलाद तिला, माझ्या बापाचं लाकूड मला.

मैत्रीण म्हणाली, "नाही."

ती कधी नाही म्हणत नसे. मी म्हटलं, "ठसा माझ्या वडिलांचा आहे."

"त्यांनी दिला."

"तुझ्या वडिलांना दिला. ते आता नाहीत."

"काकाही नाहीत," ती म्हणाली. "मग त्यांनी जोडलेलं आपण दोघी कशाला सोडवतोय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पत्रकांतली दोन-तीन तरी होती. पण दादूस मध्येच बोलले, "पोरींनो, मना सांगा काय लिवायचं. मूठ परकी हाय तर मी अस्सल कसं म्हणू?"

तेव्हा मी त्यांच्यावर उसळले. जे तिच्यावर काढता येत नव्हतं ते त्यांच्यावर निघालं. "दादूस, नळी बर्मिंगहॅमची, चक्र बर्मिंगहॅमचं, मुकुट त्यांच्या राजाचा. परकं ते सगळं. मूठ तेवढी इथली. आणि तुम्ही मुठीला परकी म्हणता?"

दादूसांनी खुर्ची मागे सारली. मग हसले आणि चिटणिसांना म्हणाले, "हिला कोणी बंदूक देऊ नका." आणि पेन मागितलं. मी वर्णनात लिहिलं की नळी, चक्र आणि सांगाडा एकाच कारखान्याचे, एकाच नंबराचे. सांगाड्यावरचा आकडा चिंचेने घासल्यामुळे झिजलेला. मूठ कारखान्याची नसून कल्याणात, 'हाक' पत्रकाच्या ठशातून कापलेली, म्हणून ती बदलू नये. त्यांनी खाली सही केली आणि आपली काळी जोडी कोटाच्या खिशात परत ठेवली. पट्ट्या मी बसवल्या. स्क्रू मीच पिळला. अक्षरं आत गेली.

दालन उघडलं. दर्शनी खणात रिव्हॉल्व्हर आहे, पत्रकं खाली आहेत. वाचायला वाकावं लागतं, आणि लोक वाकत नाहीत. मी अधूनमधून जाते. सगळे नळीकडे बघतात, मी मुठीकडे. त्या मुठीचा गुळगुळीतपणा माझ्या वडिलांच्या हाताचा नाही, तिच्या वडिलांच्या हाताचा आहे, हे मला तिथे उभं राहिल्यावर दर वेळी नव्याने कळतं.

मागच्या पंधरा ऑगस्टला शाळेतली मुलं आली होती. चिटणिसांनी गोष्ट सांगायला आम्हा दोघींना बोलावलं होतं. मी तयारी करून गेले होते. ठशापासून सुरुवात करायची, पत्रकाचं काम समजावून सांगायचं, मग मुठीवर यायचं. मी बोलू लागले तशी मुलं खिडकीतून बाहेर बघू लागली. मग तिने सांगितलं. तशीच, हळू, वर न बघता. नदी आली, दगड आला, ओले बाबा आमच्या दारात आले. माझे वडील उठले, त्यांनी ठसा हातात घेतला, त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि करवत मागितली. अंगठा फिरवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. एक मुलगा पुढे सरकून काचेला नाक लावून मुठीकडे बघू लागला आणि म्हणाला, अक्षरं कुठायत?

"आत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला वाचता येतात."

मुलं माझ्याकडे वळली. माझ्या वडिलांची गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते.